मागच्या सीटवरचं माप

शहाद्यात मला चहाच्या टपरीवर गाठून लोक एकच प्रश्न विचारतात, "नाना, त्या तीन गाड्यामातली खरी चांगली कोनती?" छत्तीस वर्षं मी गाड्यांची चाकं सरळ करण्याचा धंदा केला. दुकान आता भाच्याकडे दिलं असलं तरी गाडी रस्त्याने जाताना तिचं कोणतं चाक तिरकं पडतंय हे मला अजूनही बसल्या जागी दिसतं. पण हा प्रश्न आला की मी आणखी एक चहा सांगतो आणि कपाशीचा विषय काढतो. लोकांना वाटतं म्हातारा भाव खातोय. खरी गोष्ट अशी आहे की मला उत्तर ठाऊक नाही. आधी होतं, मग ते चुकीचं निघालं, मग दुसरं सापडलं आणि आता तर कशामुळे काय झालं हेही सांगता येत नाही.

माझा धंदा काय हे आधी सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं चाक गोल असलं की झालं. चाक तीन तऱ्हेने वाकडं असू शकतं. काही माणसं चालताना पावलं आत टाकतात, काही बाहेर फेकतात, तसंच पुढच्या चाकांचं असतं. दुसरं म्हणजे समोरून पाहिलं तर चाक उभं असावं, ते कधी वरून आत कलतं तर कधी बाहेर. तिसरा कोन बाजूने पाहायचा असतो. तो नीट असला तर स्टिअरिंग वळणानंतर आपसूक मधे येतं, नाहीतर ड्रायव्हरला सारखं ओढून आणावं लागतं. हे तिन्ही कोन जागेवर आणायचे, याला अलाइनमेंट म्हणतात. मी धंद्याला लागलो तेव्हा चार घोड्यांना सुतळी बांधून गाडीभोवती चौकोन करायचो आणि पोलादी पट्टीने मोजायचो. पुढे कॅमेऱ्याचं मशीन आलं. आता पडद्यावर आकडे येतात, चुकीचा असेल तो लाल आणि बरोबर असेल तो हिरवा. हिरवा दिसला की गिऱ्हाईक खूश होतं आणि मीही.

घोडे म्हटलं ते लोखंडी. पण खऱ्या घोड्यांशीही आमचा संबंध होता. माझे वडील नालबंद होते. सारंगखेड्याच्या बाजारात आमची राहुटी पडायची आणि घोडा घेणारे लोक नाल बघायच्या निमित्ताने वडिलांना विचारायचे, जनावर कसं आहे. तिथे एक चाल असते, रवाल. घोडा धावत असतो पण त्याची पाठ जागची हलत नाही. विकणारा स्वार पाण्याने काठोकाठ भरलेला पेला तळहातावर घेऊन घोडा पळवून दाखवतो आणि थेंब सांडला नाही की लोक वा वा करतात. वडील त्या पेल्यावर विश्वास ठेवायचे नाहीत. ते म्हणायचे, "घोडा दुसराना हातना पानीवर नही, त्याना पाठवर बशीसन पारखाना." स्वतः एक फेरी मारून आल्याशिवाय ते कधी कोणाला हो किंवा नाही म्हणाले नाहीत. हा धडा मी पुरता घोकला आणि त्यानेच पुढे माझा घात केला.

एक नमुना आधी सांगून टाकतो. एक गुरुजी दर महिन्याला यायचे. त्यांची गाडी डावीकडे ओढायची. मी चालवली की सुतासारखी सरळ जायची, त्यांच्या हातात गेली की डावीकडे. दोन टायर बदलून झाले, मशीनवर सगळं हिरवं. शेवटी मी त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा कळलं की गुरुजी डाव्या हाताने स्टिअरिंगची डावी बाजू धरून हात मोकळा सोडून देतात, खुंटीला पिशवी अडकवावी तसा. त्या हाताच्या वजनाने गाडी ओढत होती. मी त्यांना तसं सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं हे मास्तरांना तोंडावर सांगायचं नसतं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. ते पुन्हा आले नाहीत. मी मात्र ही गोष्ट वर्षानुवर्षं हसत हसत लोकांना सांगत राहिलो आणि तिच्यातून स्वतः काही शिकलो नाही.

आता मूळ गोष्ट. ब्राह्मणपुरीचे दशरथभाई माझं जुनं गिऱ्हाईक. केळी आणि ऊस, तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन. बोलायला हळू, पण शब्द दिला की पाळणारा माणूस. घरात ते आपली गुजरी बोलतात, माझ्याशी अहिराणी. एका सकाळी ते दुकानात आले आणि गाडी न आणताच खुर्चीवर बसले, तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय असं वाटलं. त्यांच्या बायकोचं, मंजुबेनचं, सुरतेला मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. पुढचे काही महिने दर आठवड्याला तिथेच उपचाराला न्यायचं होतं. घरची गाडी म्हणजे ती उंच, दांडगी, ट्रॉलीसुद्धा ओढणारी. तिच्यात चढायला मंजुबेनला स्टूल लागायचं आणि खड्ड्यात ती गाडी अशी डुलायची की चांगल्या माणसाची कंबर धरावी.

"ती बोलस नही, नाना," दशरथभाई म्हणाले. "दात दाबीसन बसस. पन माले आरसामा दिखस ना."

मी म्हटलं, मुलगी सुरतेतच दिलीय, मग तिच्याकडे काही महिने राहू द्या की.

"आंडेरना घर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमलो. "एक रात ऱ्हासू म्हनस. दुसरी नही."

आमच्याकडच्या जुन्या माणसांचं हे असंच आहे. आंडेरला, म्हणजे लेकीला, द्यायचं, तिचं खायचं नाही. काही घरांत बाप लेकीच्या दारी पाणीसुद्धा पीत नसे. आता तेवढं राहिलं नाही, पण मंजुबेन त्या वळणाच्या. म्हणजे पेच असा होता. रस्ता सोसवला तर त्या आपल्या घरी राहून उपचार घेणार. नाही सोसवला तर लेकीकडे मन मारून राहणार आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दशरथभाई एकटे जेवणार. ते मला म्हणाले, "अशी गाडी देखा, नाना, का तिना पोटमातलं पानी हालाले नको."

आता त्यांच्या मुलाबद्दल. चेतन तिशीचा, कामाला वाघ, पण मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याला शिंगं फुटलेली. त्याने सुरतेच्या एका दलालाला सांगून तीन वापरलेल्या सेडान मागवल्या. सेडान म्हणजे डिकी वेगळी असलेली बसकी गाडी. पण या साध्या नव्हत्या. आलिशान तर आलिशान आणि वर पळायलाही शर्यतीसारख्या, अशी ती जात. कंपन्यांची नावं मी मुद्दाम घेत नाही. एक काळी, एक पांढरी, एक निळी, एवढं पुरे. ज्या दिवशी त्या दोंडाईचा रस्त्यावर माझ्या दुकानापुढे उभ्या राहिल्या त्या दिवशी शेजारच्या टायरवाल्याने आणि बियाणेवाल्याने आपली दुकानं सोडली आणि माझ्याकडे मुक्काम ठोकला.

रूपाचं म्हणाल तर काळीपुढे दोघी फिक्या. लांब बोनेट, आवळलेली कंबर, छप्पर मागे उतरत गेलेलं, मोठमोठी चाकं आणि त्यांच्यावर टायर इतका पातळ की चाकाला नुसती काळी रेघ ओढल्यासारखा. चेतन तिच्याभोवती फिरत म्हणाला, "तोंड देखा ना, नाना. वाघ शे वाघ!" पांढरी गोल, भरलेली, एखाद्या खात्यापित्या घरच्या मोठ्या सुनेसारखी. निळी कशी होती हे सांगायला बसलो की मला काही आठवत नाही, आणि मला वाटतं तेच तिचं रूप होतं. दलाल तिन्हींच्या बोनेटवर आळीपाळीने हात ठेवून सांगत होता, "मख्खन छे, काका, मख्खन."

दशरथभाईंनी त्या दिवशी मंजुबेनलाही आणलं होतं. त्या दुकानात पाठीला उशी लावून खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना चहा दिला आणि काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "ताई, रंग कोनता आवडना?"

त्या म्हणाल्या, "रंगले काय करनं शे, भाऊ? माले ते मांगेच बसनं शे."

सगळे हसले. मीही हसलो. आता हे लिहिताना ते वाक्य मला कानशिलात बसल्यासारखं लागतं. माझ्या अख्ख्या धंद्याचं उत्तर ती बाई चहाचा कप हातात धरून सांगत होती आणि मी किल्ली घेऊन बाहेर पडलो.

मी वडिलांच्या रीतीप्रमाणे एकेका गाडीवर एकटा बसून फेरी मारली. म्हसावद, राणीपूर ओलांडून तोरणमाळचा घाट, आणि परत येऊन तापीवरच्या प्रकाशा गावाचा रस्ता. पेल्यावर विश्वास नाही म्हणणाऱ्याच्या मुलाने एक पेला मात्र बरोबर घेतला होता, शेजारच्या खाचेत, काठाला बोटभर कमी भरलेला.

पांढरी सपाट रस्त्यावर अशी चालली की इंजिन चालू आहे का बंद तेच कळेना. खड्डे तिने गिळले. पण घाटात वळण आलं की ती आधी कलायची, मग विचार करायची आणि मग वळायची. स्टिअरिंग हातात होतं, पण पलीकडच्या टोकाला कोणी आहे असं वाटेना. चौथ्या वळणावर पाणी माझ्या पायजम्यावर आलं. मी मनात म्हटलं, ही डोलते. हिला चाल नाही. निळीने ना पाणी सांडलं ना काही सांगितलं. तिच्यात मी जाऊन आलो, एवढंच.

आणि काळी. काय सांगू! पहिल्याच वळणाला तिने माझा हात ओळखला. मनात यावं आणि गाडी तिथे असावी. घाटातली ती वळणं मी आयुष्यभर चढलोय, पण त्या दिवशी वाटलं रस्ता गाडीखालून मीच हाताने सरकवतोय. खड्डा आला की दण्ण व्हायचं आणि लगेच शांत, दुसरा झोका नाही. माझी सीट मला दोन्ही बाजूंनी धरून बसलेली. पेल्यातलं पाणी थरथरलं पण सांडलं नाही. वडील असते तर म्हणाले असते, रवाल. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय हलके झाले होते. साठी ओलांडलेल्या माणसाला असं व्हावं याची मला थोडी लाजही वाटली, पण झालं खरं.

"कायी ल्या," मी काळीवर हात ठेवून दशरथभाईंना सांगितलं. चेतनने मला मिठीच मारली.

काळीतून सुरतेच्या तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या आठवड्यात दशरथभाई काळी घेऊन दुकानात आले ते एकटेच. चेहरा उतरलेला. मंजुबेन सुरतेला लेकीकडे राहिल्या होत्या. स्वतःहून. यायला नको म्हणाल्या.

"गाडीमा काहीतरी खोट शे, नाना. सरय करी द्या."

मी गाडी मशीनवर घेतली. चारही चाकं हिरवी. तरी मी उगाच इकडे केसभर, तिकडे केसभर फिरवलं, हवा दोन पौंड कमी केली आणि म्हटलं, जा आता. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. सुरतेला जाऊन, बायकोला भेटून, तसेच परत. मी खालचे रबर तपासले, शॉकॲबसॉर्बर तपासले. सगळं ठणठणीत. मग मला आठवलं की या जातीच्या गाड्यांच्या पुस्तकात एक अट असते. रिकाम्या गाडीचं माप घ्यायचं नाही. सीटांवर माणसांइतकं वजन ठेवायचं, म्हणजे गाडी खऱ्या वापरात जितकी दबते तितकी दबेल, आणि मग मोजायचं. साध्या गाडीला कोणी हे करत नाही. मी वाळूच्या गोण्या भरल्या, पुढे ठेवल्या, मागे ठेवल्या. मागच्या डाव्या सीटवर, जिथे मंजुबेन बसायच्या, तिथे एक गोणी ठेवून तिला पट्टासुद्धा लावला. माप घेतलं. पुन्हा हिरवं.

"मशीन ते हिरवं दखाडी ऱ्हायनं, भाई," मी म्हटलं.

दशरथभाई त्या गोणीकडे बघत होते. ते म्हणाले, "मशीनले कंबर शे का, नाना?"

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. माझं डोकं पार चक्रावलं. गाडी चांगली होती, मी स्वतः बसून पाहिली होती. मशीन खोटं बोलत नव्हतं. दशरथभाई खोटं बोलत नव्हते. मंजुबेन उगाच कुरकुर करणाऱ्या नव्हत्या. चौघंही खरे आणि तरी एक माणूस आपल्या घरापासून दूर बसलेला. छत्तीस वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं की खोट आहे आणि ती कुठेच नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी मी येतो बरोबर.

मी सकाळी ब्राह्मणपुरीला पोहोचलो तर पुढच्या सीटवर पपयांचं खोकं. लेकीला न्यायचं, आणि डिकीत केळी व गहू भरलेला. दशरथभाई खोकं हलवायला लागले तर मीच म्हटलं, राहू द्या, मी मागे बसतो. आणि मागे डावीकडे बसायला वाकलो.

पहिलं म्हणजे डोकं आपटलं. ते मागे उतरत गेलेलं देखणं छप्पर, ज्याच्यासाठी टायरवाला आणि बियाणेवाला दुकान सोडून आले होते, ते मागच्या दारावर इतकं खाली येतं की मान मोडून, कंबर पिळून आत शिरावं लागतं. मणक्याला टाके पडलेल्या बाईला दर आठवड्याला चार वेळा हे करावं लागत होतं. आत बसलो तर गुडघे वर, नजर पुढच्या सीटच्या पाठीत, रस्ता दिसेना. शहादा सुटलं आणि पहिला खड्डा आला. पुढे बसून मला जे दण्ण वाटलं होतं ते इथे सरळ माकडहाडात घुसलं. मग ध्यानात आलं की पुढची सीट दोन चाकांच्या मधे असते आणि मागची जवळजवळ मागच्या चाकांवरच. तिथे खड्डा आणि माझ्यामधे होतं काय, तर टायरची ती पातळ काळी रेघ. चाकांखाली काय चाललंय हे दुसऱ्यांना शिकवणारा मी, आणि छत्तीस वर्षांत चालत्या गाडीच्या मागच्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. घोड्याला एकच पाठ असते. गाडीला दोन असतात, हे वडिलांच्या धड्यात नव्हतं.

पण एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, चला, खोट सापडली. प्रकाशाचा पूल ओलांडल्यावर मला दुसरी गोष्ट दिसायला लागली. दशरथभाई प्रत्येक खड्ड्याच्या आधी कचकन ब्रेक दाबत होते. गाडी नाक खुपसायची, मी पुढे जायचो, मग खड्डा, मग मी मागे. खड्ड्याने एकदा मारायचं तिथे त्यांच्या काळजीने तीनदा मारत होतं. आणि दर वेळी त्यांची नजर आरशात जायची आणि तोंडातून निघायचं, "दुखनं का?"

मी दोनदा "नही" म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की ते मला विचारतच नव्हते. ती सवय होती. मागच्या सीटवर कोण आहे याचा त्यांना विसर पडला होता.

सुरतेला लेकीच्या घरी मंजुबेन झोपाळ्यावर बसल्या होत्या, पाठीला उशी, पाय जमिनीला टेकलेले, झोपाळा हलू न देता. हातात पाण्याचा पेला. लेकीच्या घरचं पाणी त्या पीत होत्या ते बघून दशरथभाईंनी मान फिरवली. मी समोर बसलो आणि म्हटलं, "ताई, मन्ही चूक व्हयनी. गाडी तुम्हनाकरता ली आनि तुम्हले काही इचारंच नही."

"इचारं ना," त्या म्हणाल्या. "रंग इचारा व्हता."

मग त्यांनाच माझी दया आली असावी. दशरथभाई लेकीबरोबर आतल्या खोलीत गेले तशा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुखस, भाऊ. पन दुखाले मी भ्यास नही. ह्या दर खड्डाले इचारतस, दुखनं का? मी म्हनस, नही. ब्राह्मनपुरीपाईन सुरतलगून नही, नही, नही. हाड दुखाना पेक्षा तेच जास्ती थकाडस माले."

मी त्याच दुपारी गाडी घेऊन ओळखीच्या चाकवाल्याकडे गेलो. मोठी चाकं उतरवली, दोन इंच लहान घेतली आणि त्यांच्यावर जाड, मऊ टायर चढवले. गाडी उभी राहिली तेव्हा तिचं सगळं रूप गेलं होतं. पुढे चेतनने ती पाहिली तेव्हा तो मला म्हणाला, "वाघना पायमा चप्पला घाल्यात, नाना, तुम्ही!" आणि महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं.

परत येऊन मी मंजुबेनला म्हटलं, एकदा बसून बघा. त्या दशरथभाईंकडे बघत म्हणाल्या, "येसू. पन गाडी तुम्ही चालाडा. आनि ह्या मन्हा जोडे मांगे बसतीन."

आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो मी भाच्याला पहिल्या दिवशी शिकवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गाडी सुधारेल, पण कशाने सुधारली ते जन्मात कळणार नाही. त्या दिवशी मी चाकं बदलली, ड्रायव्हर बदलला आणि नवऱ्याची जागा बदलली, तिन्ही एकदम. म्हणून मी म्हणतो की मला उत्तर ठाऊक नाही. मंजुबेन घरी आल्या. उरलेले महिने त्या काळीतूनच जाऊन येऊन उपचार घेत राहिल्या, कधी दशरथभाई चालवायचे, कधी चेतन. आता त्या काठी न घेता केळीच्या बागेपर्यंत जातात. ते मऊ टायरने झालं, की डॉक्टरांनी, की आणखी कशाने? जी पांढरी मी डोलते म्हणून नाकारली ती नंदुरबारच्या एका कुटुंबाने घेतली. त्यांची म्हातारी आई तिच्यात पाळण्यासारखी झोपते म्हणे. मग पांढरीच घ्यायला हवी होती का? पण गाडी डोलली की मंजुबेनला मळमळतं, ते मला नंतर कळलं, तेही त्यांनाच विचारल्यावर. निळीवाला वर्षातून एकदा दुकानात येतो, काही तक्रार नाही म्हणतो आणि जातो. त्याला बघून तर मी जास्तच गोंधळतो.

परतीचा रस्ता मी शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वांत कमी कळलाय. मी चालवत होतो आणि ते दोघं मागे बसले होते. मी खड्ड्यांआधी लांबूनच पाय काढून घेत होतो, ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता. दशरथभाईंचं डोकं दोनदा छपराला लागलं. व्यारा मागे पडल्यावर एक खड्डा मला चुकवता आला नाही आणि दण्ण झालं. त्यांच्या तोंडून "आय!" निघालं.

मागून मंजुबेनचा आवाज आला, "दुखनं का?"

"नही," दशरथभाई म्हणाले.

सोनगडच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललेलं होतं. तिथे पुन्हा तेच. "दुखनं का?" "नही." मी आरशात पाहिलं. त्या हसत नव्हत्या. अगदी मनापासून, काळजीने विचारत होत्या, जसं त्यांना विचारलं जायचं तसं. नवापूर आलं. रेल्वेच्या पुलाजवळ गतिरोधक होता, कितीही हळू गेलो तरी मागचं चाक उतरताना आपटलंच.

"दुखनं का?"

दशरथभाईंनी पुढच्या सीटची पाठ धरली होती, ती सोडली.

"हां," दशरथभाई म्हणाले. "जरासं दुखनं."

"मालेबी," मंजुबेन म्हणाल्या.

विसरवाडी मागे पडलं. पुढे नंदुरबारच्या रस्त्याला लागल्यावर मी आरशात पाहिलं तर त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि दशरथभाई त्यांच्या पाठीमागे आपला हात घालून, रस्त्याकडे नजर लावून, पुढच्या खड्ड्याची वाट बघत बसले होते.